चारशे सतराची पूर्ण नोंद

भिंतीला कान असतात असं लोक म्हणतात. आमच्याकडे ते पगारी होते, आणि त्यातली एक जोडी माझी.

सव्वीस वर्षं मी लोकांचे फोन ऐकत आले. त्यातली बावीस सरकारी विभागात आणि पुढची चार कंपनीत. हा बदल झाला तो असा, की एका शुक्रवारी आम्हा चौदा जणींना विभागाने निरोपाचं पत्र दिलं आणि सोमवारी कंपनीने नेमणुकीचं. खोली तीच, दुसऱ्या मजल्यावरची, खिडक्या न उघडणारी. खुर्ची तीच, डावीकडे कलणारी. दारावरची सरकारी पाटी काढली आणि तिच्या जागी काहीच लावलं नाही, त्यामुळे भिंतीला चार स्क्रूंची भोकं तेवढी राहिली. ज्यांचे फोन ऐकायचे त्यांना विभाग ‘इसम’ म्हणायचा, कंपनी ‘विषय’ म्हणू लागली. खाकी फायली जाऊन पडद्यावर रंगीत रकाने आले. चहा पूर्वी शिपाई आणून द्यायचा, तो आता यंत्रातून आपला आपण घ्यायचा. सरकारने हेरगिरीचं काम खाजगी लोकांना दिलं म्हणून तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच आरडाओरड झाली म्हणतात. मी काही वाचलं नाही. खुर्ची बदलून मिळाली असती तर मला जास्त आनंद झाला असता.

आमच्या ह्यांना मी विम्याच्या कचेरीत टायपिंग करते असं सांगितलेलं आहे. सव्वीस वर्षांत त्यांनी एकदाही विम्याबद्दल माझा सल्ला विचारला नाही, यावरून काय ते त्यांना कळलं असावं. पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही, आणि मीही नाही. आमचा संसार तसा बरा चालला तो यामुळेच.

विभागात आमचे मोठे साहेब होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “नोंद पूर्ण लिहा. अर्धवट नोंद म्हणजे अर्धवट संशय, आणि माणसाचा घात त्यानेच होतो.” प्रत्येकीला ठरावीक फोन नेमून दिलेले असायचे, म्हणजे आवाज ओळखीचा होतो, माणूस चिडला की थट्टा करतोय ते कळतं. दर सहा महिन्यांनी साहेब दार लावून घ्यायचे आणि आमच्या नोंदी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. काही वावगं नसलं तर शेवटच्या पानावर ‘बंद’ असं लिहून सही करायचे. त्या माणसाचा फोन मग त्याचा एकट्याचा व्हायचा.

त्यामुळे मी पूर्ण लिहायची. ‘इसम बहिणीशी बोलला’ एवढ्यावर माझं भागत नसे. काय बोलला, कशावर हसला, मध्येच गप्प झाला तो का, सगळं. वाचणाऱ्याला दोन पानांत कळलं पाहिजे की हा बिचारा साधा माणूस आहे, याला सोडा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर कंपनीने आणलेली एक मुलगी बसायची, दोन बोटांनी टाइप करणारी. मी तिचं नावच ‘दोन बोटं’ पाडलं होतं. ती प्रत्येक फोननंतर रकान्यात दोनच शब्द टाकायची : काही नाही. अर्ध्या तासाच्या बोलण्यावर, काही नाही. मी तिला दोनदा बोलूनही दाखवलं. ती नुसती हसायची, आणि मी मनात म्हणायची, पालथ्या घड्यावर पाणी.

आता चारशे सतराबद्दल.

चारशे सतरा क्रमांकाचे इसम पाणीखात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की शहराच्या मोठ्या टाकीची मागची भिंत ओल धरतेय, कुणीतरी बघा. सोबत टाकीचं रेखाचित्र जोडलं, कारण चित्राशिवाय बोलायची त्यांना सवयच नव्हती. वर्तमानपत्राने पत्र छापलं, चित्रही छापलं. भिंत कुणी बघितली नाही, पण टाकीचा नकाशा जगजाहीर केला म्हणून यांची फाइल मात्र उघडली गेली. मोठे साहेब ती वाचून मला म्हणाले होते, “या सहामाहीला बंद करू.” ती सहामाही यायच्या आतच तो शुक्रवार आला. साहेब घरी गेले आणि फाइल कंपनीकडे आली.

हे गृहस्थ रोज दुपारी चार वाजता बहिणीला फोन करायचे. बहीण सरहद्दीपलीकडे, लग्न होऊन गेलेली, आता एकटीच. ते तिला ताई म्हणायचे, ती त्यांना धाकट्या. थोरला भाऊ होता, तो वारला होता. दोघांचं बोलणं म्हणजे गुडघे, औषधं, लहानपणी कोण कुठल्या झाडावरून पडलं, आणि ताईचं घड्याळ. तिच्या भिंतीवरचं घड्याळ नऊ मिनिटं मागे होतं. बोलणं रंगात आलेलं असताना मागे चारचे टोले पडायचे, आणि हे रोज म्हणायचे, “ताई, तुझे चार आत्ता वाजले बघ.” ती रोज म्हणायची, “मग तू नऊ मिनिटांनी म्हातारा जास्त.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एकटीच हसले होते, आणि नोंदीत तेही लिहिलं होतं.

पावणेपाच वर्षं मी हे ऐकलं. माझ्या सख्ख्या बहिणीशी मी इतकी कधी बोलले नाही.

त्यांना ताईकडे जायचं होतं. त्यासाठी परवानगी हवी, परवानगीसाठी आमच्या विभागाची ना-हरकत हवी, आणि ती काही येत नव्हती. अर्ज केला की ‘प्रलंबित’ असा कागद यायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं मला वाटायचं. गेल्या वर्षापासून ताई विसरायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं, मग औषधं घेतली की नाही ते. मग एकदा तिने यांना थोरल्याच्या नावाने हाक मारली. हे थोरला होऊनच पुढे बोलले. ताईने फोन ठेवल्यावर मात्र एकटेच म्हणाले, “ती मला ओळखतेय तोवर जायला हवं.” लाइन कटायच्या आत पुटपुटलेलं ते वाक्य जगात फक्त मी ऐकलं.

त्या दिवशी मी दीड पान नोंद लिहिली. शेवटी नियमाबाहेर जाऊन हेही लिहिलं, की यांना परवानगी द्यायला हरकत घेण्यासारखं काही दिसत नाही, आणि लवकर दिलेली बरी.

आता माझा भाचा. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा कंपनीत आमच्यावर व्यवस्थापक आहे. घरी मला मावशी म्हणतो, कचेरीत मॅडम, आणि कचेरीत काही गोड बोलून करून घ्यायचं असलं की पुन्हा मावशी. मुलगा वाईट नाही. लहानपणी माझ्याच घरी पडून असायचा, वरणाशिवाय जेवायचा नाही. त्याने एक दिवस सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. केक आणला होता, फुगेही. चार वर्षांतल्या सर्वोत्कृष्ट श्रोत्याला कंपनीतर्फे चषक, आणि ती श्रोता म्हणजे मी.

टाळ्या वाजल्या. चषक हातात घेताना मला बरं वाटलं, ते का लपवू? मग भाच्याने पडद्यावर एक तक्ता दाखवला. “हे बघा मॅडमचं काम,” तो म्हणाला. “चार वर्षांत एकही विषय बंद पडलेला नाही. सगळे लाल किंवा पिवळे. आणि हा आपल्या अख्ख्या शाखेतला सगळ्यात वरचा विषय.” सगळ्यात वर, गडद लाल पट्टीत, आकडा होता चारशे सतरा. “उलट काही जणांच्या नोंदी फारच त्रोटक असतात,” भाचा पुढे म्हणाला आणि त्याने दोन बोटांकडे बघितलं. “एकतीस विषय हिरवे होऊन हातचे गेले. असं चालणार नाही.” दोन बोटं केक खात होती. तिने मान डोलावली.

मी चषक घेऊन थेट भाच्याच्या खोलीत गेले आणि दार लावलं.

“चारशे सतरा वर कसा?” मी विचारलं. “पत्र लिहिणारा साधा म्हातारा आहे तो. माझ्या नोंदी वाचल्यास का तू?”

“वाचत कोण बसतंय, मावशी?” तो म्हणाला. “दिवसाला हजारो नोंदी येतात. संगणक गुण देतो. शब्द मोजतो. ज्याच्यावर लिहिण्यासारखं खूप आहे त्याच्यात काहीतरी असणार, सरळ हिशोब आहे. तू त्याच्यावर जेवढं लिहिलंयस ना, तेवढं शाखेत कुणी कुणावर लिहिलेलं नाही.”

“मी लिहिलंय की त्याच्यात काही नाही.”

“पण दीड पान लिहिलंयस!” तो हसला. माझं तोंड बघून त्याने हसू आवरलं.

“म्हणून त्याला ना-हरकत मिळत नाही?”

“लाल विषयाला कशी मिळेल?”

“मग बंद कर ती फाइल.”

“ते आपल्या हातात नाही. बंद विभाग करतो.”

“मग विभागाला सांग.”

“विभाग म्हणतो, कंपनीचा गुण खाली आला की आपोआप बंद होईल. ते स्वतः आता काही वाचत नाहीत, म्हणून तर काम आपल्याला दिलं. आणि मावशी,” त्याने आवाज खाली आणला, “विषय जिवंत असतील तर कंत्राट जिवंत. तुझी खुर्ची, माझी खुर्ची, सगळं त्याच्यावर आहे. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याला काय बोलणार? मी एवढंच विचारलं, “गुण किती दिवसांचा धरतात?”

“मागच्या नव्वद दिवसांचा. का?”

“सहज,” मी म्हणाले.

जागेवर येऊन बसले, आणि खुर्ची डावीकडे कलली तशी मीही कलून बसून राहिले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी त्या माणसाला सोडवायला शब्दावर शब्द रचत होते, आणि तीच भिंत त्याच्यापुढे उंच होत होती. चार वर्षं. त्याचं तोंडही न बघता मी त्याला कोंडून ठेवला होता, तेही सुवाच्य.

त्यांना जाऊन सांगावं असंही मनात आलं. पण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी चार वाजता ते ताईला सांगणार, आणि ते मलाच ऐकावं लागणार. शिवाय गुप्ततेची शपथ होती. मी काय ती मोडणारी बाई नव्हे, निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं.

चार वाजले. त्यांनी फोन लावला. ताईला त्या दिवशी बरं होतं, तिने घड्याळाचं वाक्य बरोबर म्हटलं. पंचवीस मिनिटं बोलले. मी रकाना उघडला आणि टाइप केलं : काही नाही.

सव्वीस वर्षांत इतकी छोटी नोंद मी लिहिली नव्हती. बोटं पुढचं लिहायला शिवशिवत होती, ती मी मांडीखाली दाबून धरली.

दोन बोटांनी माझ्या पडद्याकडे तिरकं बघितलं. “उशिरा का होईना, मॅडम,” ती हळूच म्हणाली.

“म्हणजे? तुला माहीत होतं?”

“पहिल्या महिन्यातच कळलं. माझा एक पेन्शनवाला होता, मी आळसाने लिहिलं नाही आणि तो हिरवा झाला. मग मी आळस चालूच ठेवला.”

“मग मला का नाही सांगितलंस, बये?”

ती जराशी ओशाळली. “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, आणि तरी लिहिता.”

कुणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं. तिला मी एवढी वाईट वाटत होते आणि ती माझ्याशी रोज हसून वागत होती.

त्यानंतरचे नव्वद दिवस मी कॅलेंडरवर काट मारत काढले. इकडे माझी नोंद रोज दोन शब्दांची, आणि तिकडे ताई रोज थोडी थोडी कमी होत चाललेली. एकदा तिने आईला फोन द्यायला सांगितलं. आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती. काही नाही. एकदा ती पूर्ण दहा मिनिटं एकच गोष्ट परत परत सांगत राहिली, आणि हे दर वेळी नव्याने हसले. काही नाही. मला वाटायचं, लिहावं, कुठेतरी या माणसाच्या चांगुलपणाची नोंद व्हावी. पण त्याचं भलं न लिहिण्यातच होतं.

एक गोष्ट मात्र होती. ताई सगळं विसरली तरी चारचा फोन विसरत नव्हती. पहिल्या घंटेला उचलायची. “धाकट्या, कधी येतोस?” हे तिचं पहिलं वाक्य कायम होतं. त्यावर हे म्हणायचे, “येतो, ताई.”

चाळिसाव्या दिवशी भाचा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “चारशे सतराचा गुण घसरतोय, मॅडम. तब्येत बरी आहे ना तुमची?”

“मला काय धाड भरलीय?” मी म्हटलं. “म्हातारा थकलाय. हूं-हूं करतो आणि ठेवतो. खोटं वाटत असेल तर घे, ऐक.” मी कानावरचे हेडफोन काढून त्याच्यापुढे धरले.

त्याने घड्याळात बघितलं. त्याला बैठक होती. त्याला नेहमीच बैठक असते. तो गेला आणि मला कळलं, की या अख्ख्या इमारतीत ऐकतं असं आम्हा श्रोत्यांशिवाय कुणीच नाही. वर सगळे फक्त मोजतात.

खरी परीक्षा पासष्टाव्या दिवशी झाली. त्यांना पाचव्या अर्जाचं उत्तर आलं होतं, प्रलंबित. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला. “ताई, त्या टाकीची भिंत कुठे कच्ची आहे ते या शहरात फक्त मला ठाऊक आहे. एक दिवस यांना दाखवतोच. मग कळेल प्रलंबित म्हणजे काय ते.”

असं वाक्य ऐकलं की श्रोत्याने लाल बटण दाबायचं, हा विभागाचा नियम, कंपनीचाही. मोठे साहेब असते तर मी वाक्य जसंच्या तसं लिहिलं असतं, आणि खाली लिहिलं असतं की हा राग आहे, धमकी नव्हे, हा माणूस पावणेपाच वर्षं मी ओळखते. साहेबांनी ते वाचलं असतं. आता वाचणारं कुणी नव्हतं. लिहिलं तर तो कायमचा लाल. आणि नाही लिहिलं, आणि माझंच चुकलं असलं तर? आवाजावरून माणूस कळतो ही माझी समजूत. ती खोटी ठरली तर टाकीखाली वस्ती आहे.

मी रकाना उघडला. मग लिहिलं : काही नाही. नोकरीतलं पहिलं खोटं मी सत्तावन्नाव्या वर्षी लिहिलं.

त्या रविवारी ह्यांना म्हटलं, जरा फिरून येऊ. ह्यांना फिरायचा कंटाळा, पण आले. टाकीच्या मागच्या बाजूला गेलो. कुंपणाशी रखवालदार खुर्चीत पेंगत होता. भिंतीवर खालून वर गेलेला ओलीचा हिरवट पट्टा होता, दोन माणसं उंच, नेमका चारशे सतरांनी पत्रात सांगितला होता तिथे.

“ओल आलीय की हो,” हे म्हणाले. “कुणी सांगितलं नाही का यांना?”

“सांगितलं होतं एकाने,” मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. “विमा काढलेला असेल त्याने,” असं म्हणून ते चालायला लागले. मी त्यांच्यामागे हसत गेले, कितीतरी दिवसांनी. सोमवारी मी मोठ्या अक्षरांत, निनावी, पाणीखात्याला एक कार्ड टाकलं. चित्र मात्र जोडलं नाही.

एक्याण्णवाव्या दिवशी सकाळी चारशे सतरा हिरवा झाला. हिरवा झाला की ना-हरकत आपोआप सुटते. ऐकणं तेवढं महिनाअखेरपर्यंत चालू राहतं, कारण विभागाशी पैशाचा हिशोब महिन्याचा असतो. भाचा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. दोन बोटांनी यंत्रातून दोन चहा आणले, एक माझ्यासमोर ठेवला.

परवानगीचा कागद त्यांच्या हातात पडला तो महिन्याच्या बावीस तारखेला, दुपारी. त्यांना चारपर्यंत धीर कुठला निघायला? तीन वाजताच फोन लावला.

घंटा खूप वेळ वाजत राहिली.

“ताई! कागद आले!”

“कोण बोलतंय?”

“मी गं. धाकटा.”

“कोण धाकटा?”

“तुझा भाऊ, ताई. मंगळवारी निघतो मी. परवानगी मिळाली.”

“हे बघा, तुम्ही कुणी का असेना,” ताई अगदी अदबीने म्हणाली, “पण फोन ठेवा. चार वाजता माझ्या भावाचा फोन येतो. लाइन मोकळी हवी. लागला नाही तर तो काळजी करत बसतो.”

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग ते म्हणाले, “बरं. ठेवतो हं.”

बरोबर चारला त्यांनी पुन्हा फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. “धाकट्या, कधी येतोस?”

“मंगळवारी, ताई.”

“मघाशी कुणीतरी भलताच माणूस फोनवर आला होता. कागद आले म्हणे. मी ठेवायला लावला.”

“बरं केलंस,” ते म्हणाले.

मी हेडफोन काढून ठेवले आणि रडले. सगळ्यांसमोर. चार वर्षांपूर्वी तिला धाकटा दारात दिसला असता तर तिने लांबूनच हाक मारली असती. ती हाक माझ्या पूर्ण नोंदींनी खाल्ली. दोन बोटांनी रुमाल दिला.

मंगळवारी ते गेले. बुधवारी फोन नाही. गुरुवारी नाही. मी चारला हेडफोन लावून बसायची आणि साडेचारला काढायची. ते तिथे पोचले, आता फोन कशाला करतील? त्यांच्या दारातल्या भेटीत काय झालं असेल याचा विचार मी करत नव्हते, असं मी स्वतःला सांगत होते.

शुक्रवारी महिना संपत होता. त्या संध्याकाळी लाइन आमच्याकडून सुटणार होती. चार वाजले, आणि पडद्यावर आकडा उजळला. चारशे सतरा. मोबाइल सोबत नेला होता त्यांनी.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला.

“धाकट्या! कुठे होतास रे इतके दिवस? कधी येतोस?”

“येतो, ताई,” ते म्हणाले. आवाज अगदी हलका, शेजारच्या माणसाला उठवायचं नसलं की काढतो तसा. “गुडघा कसा आहे?”

“गुडघ्याचं राहू दे. अरे, माझ्याकडे एक गृहस्थ राहायला आलेत. चांगले आहेत बिचारे, चहा करून देतात. पण कोण कुठले ते काही कळत नाही.”

“राहू दे त्यांना, ताई.”

“राहू देते,” ताई म्हणाली. “तुझ्यासारखंच हसतात.”

मग ती झाडावरून कोण पडलं ते सांगायला लागली. ते ऐकत होते, हसत होते. चार वाजून नऊ मिनिटं झाली, आणि टोले पडले. पहिला टोला ताईच्या मागून आला. आणि तोच टोला, त्याच क्षणी, जरा दबका, दाराआडून यावा तसा, त्यांच्याही मागून आला. चारही टोले दोन्हीकडून. माझा कान सव्वीस वर्षांचा आहे, तो चुकत नाही. ते तिच्याच घरात होते. शेजारच्या खोलीत बसून तिला फोन करत होते.

“ताई,” ते म्हणाले, “तुझे चार आत्ता वाजले बघ.”

“मग तू नऊ मिनिटांनी म्हातारा जास्त,” ताई म्हणाली.

फोन ठेवला गेला. मी रकाना उघडला. शेवटची नोंद होती, आणि मला ती पूर्ण लिहायची होती. दोन बोटं माझ्याकडे बघत होती.

मी लिहिलं : काही नाही. आणि वर पाठवून दिलं.